लिफ्टची भीती आणि संमोहन

प्रश्न : लिफ्टचं दार बंद झालं की छाती धडधडते, घाम फुटतो. संमोहनाने फरक पडेल का? त्यात शुद्ध हरपते का?

उत्तर : शुद्ध हरपत नाही. आवाज ऐकू येतात, नको वाटलं तर डोळे उघडून थांबता येतं. आधी भीतीला ० ते १० आकडे द्या : बाहेरून लिफ्ट पाहणं २, दार उघडं ठेवून आत उभं राहणं ५, एकट्याने वर जाणं ९. संमोहनात अंग सैल सोडल्यावर कल्पनेत २ पासूनच सुरुवात करायची. घाईने थेट ९ वर नेलं तर भीती उलट पक्की होऊ शकते. कल्पनेत जमलेली पायरी लगेच खऱ्या लिफ्टमध्ये करून पाहा, खरं काम तिथेच होतं. भास होत असतील, तर मात्र संमोहनाआधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा.