नऊ जण तयार आहेत, पण टेबलावर किती बसवायचे?

तुम्ही विचारलंय की नागपुरात डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळाचा) ग्रुप सुरू करायचाय, ऑफिस आणि कॉलेजचे मिळून नऊ जण ‘हो’ म्हणालेत, कोणालाच नाही म्हणायचं जिवावर येतंय, तर नऊच्या नऊ घेऊ का.

एका टेबलावर नका घेऊ. चार खेळाडू आणि एक डीएम, म्हणजे डंजन मास्टर, जो गोष्ट सांगतो आणि राक्षसांच्या पाळ्या खेळतो. पाच झाले तरी चालतं. सहाव्याचं शेवटी सांगतो.

मी स्वतः तोंडावर आपटून शिकलोय. आमचा पहिला डाव त्रिमूर्ती नगरात, मित्राच्या हॉलमध्ये, आठ खेळाडू आणि मी डीएम. महिना मे. पारा ४५ च्या आसपास आणि कुलर फुल स्पीडवर. कुलरजवळच्या दोघांना माझं काही ऐकू येईना, लांबचे घामाने बेजार. मी आपला आवाज खोल करून गुहेचं वर्णन करतोय, थेंब थेंब पाणी गळतंय वगैरे, आणि तिकडून, “काय म्हणून राहिला बे?”

कुलर बंद केला असता तरी त्या दिवशी खेळ सुधारला नसता. लढाईत नवख्या खेळाडूला काय करायचं ते ठरवायला, फासा टाकायला, बेरीज करायला आणि मध्येच पुस्तक उघडून आपला मंत्र शोधायला मिळून तीन मिनिटं सहज लागतात. आठ जणांची झाली चोवीस. माझ्या राक्षसांची वर पाच-सहा. म्हणजे एकदा खेळलात की पुढची पाळी अर्ध्या तासाने. चार जण असते तर हाच फेरा सतरा-अठरा मिनिटांत संपला असता. अर्धा तास रिकाम्या हाताने बसलेला माणूस मोबाइल काढतो, मग पाळी आल्यावर “काय चालू आहे?” विचारतो, मग त्याला सगळं परत सांगा, की फेरा आणखी लांबला.

त्यात एक अबोल मित्र होता. चार तासांत त्याने तीनदा फासा टाकला आणि दोनदा नेम हुकला. पुढच्या रविवारी आलाच नाही. काऊन नाही आला विचारलं तर म्हणाला, “मी नव्हतो तर काही अडलं का?” खरंच काही अडलं नव्हतं. ते मला अजून लागतं.

नियमांच्या बाजूनेही मोठा ग्रुप अवघड जातो. एकटा ड्रॅगन आठ जणांपुढे उभा केला की त्याच्या एका पाळीमागे त्याला आठ जणांचे वार खावे लागतात. दोन फेऱ्यांत खल्लास. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मोठ्या राक्षसांना दुसऱ्यांच्या पाळीनंतर मध्येच वार करता येतात, ते याचसाठी. तरी पुरत नाही म्हणून डीएम सोबत दहा पिल्लं सोडतो, आणि मग त्या दहांच्या पाळ्या कोण खेळणार? तोच. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात लढाईच्या कठीणपणाचा हिशेब तीन ते पाच जण धरून केलाय. तीनपेक्षा कमी किंवा सहा आणि त्याहून जास्त असतील तर गुणक बदलायला सांगितलाय. नवीन डीएमने त्या भानगडीत पडूच नये.

आता कोणीतरी जाणकार तुम्हाला सांगेल की १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा पुस्तिकेत चार ते पन्नास खेळाडू लिहिले होते. लिहिले होतेच. पण ते एका कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक डाव चालणाऱ्या एका सलग गोष्टीसाठी, आणि साधारण वीस खेळाडूंमागे एक रेफरी (म्हणजे आपला डीएम) असं प्रमाणही दिलं होतं. जग एक, त्यात वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे लोक यायचे. पन्नास माणसं एका रविवारी एका हॉलमध्ये कोंबा असा त्याचा अर्थ नाही.

हीच गोष्ट तुमच्या कामाची आहे. नऊ जणांचे दोन ग्रुप करा, एक शनिवारी, एक रविवारी, पण गोष्टीतलं गाव तेच ठेवा. आम्ही नंतर हेच केलं. शनिवारच्यांनी पळून जाताना नदीवरचा पूल जाळला. रविवारचे सामान घेऊन तिथे पोहोचले तर पूल गायब! आठवडाभर व्हॉट्सअॅपवर शिव्याशाप. इतकी रंगत मी ठरवून आणू शकलो नसतो. तुम्हाला दोन दिवस झेपत नसतील तर नवांपैकी दुसरा डीएम शोधा. एखादा असतोच, ज्याने नियम तुमच्याआधी वाचलेत आणि सारखा तुमची चूक काढतो. त्याच्याच गळ्यात घाला.

फार कमी लोक घेऊ नका हेही सांगतो. मी भाचा-भाचीला घेऊन दोघांचा डाव केलाय. छान होतो, पण दमवतो. सारखं कोणीतरी बोलत राहावं लागतं, आणि दोघांचं पटलं नाही की निकाल लावायला तिसरा नसतो. तिघांचा ग्रुप मला गप्पा आणि कारस्थानांच्या गोष्टींसाठी सगळ्यात आवडतो. भयकथेलाही तीन बरे, कारण पाचांत एक जण हमखास विनोद करतो आणि भीती गेली उडत. फक्त तिघांतला एक गळाला की डाव रद्द.

आणि गळती होणारच. लग्नसराई आहे, पोळा आहे, मिहानमधल्या दोस्ताची शिफ्ट बदलते. चार वाजता “पोहोचूनच राहिलो भाऊ” म्हणणारा तेव्हा आंघोळीला चाललेला असतो. म्हणून पाच जणांना पक्कं करा, चार येतील असं धरा, आणि तीन आले तरी खेळायचं हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. तारीख पुढे ढकलायला लागलात की ग्रुप महिन्याभरात मेला समजा. ऑनलाइन खेळणार असाल तर एक माणूस आणखी कमी करा, कॉलवर दोघं एकदम बोलले की कोणाचंच कळत नाही.

राहिला सहावा. कोणाचा तरी पाहुणा येतोच आणि त्याला नुसतं तर्री-पोहे खाऊ घालून कोपऱ्यात बसवणं बरं दिसत नाही. त्याला खेळाडू करू नका, एक राक्षस द्या. आमच्या एकाचे जावई असेच आले होते, पेशाने कापडाचे व्यापारी. त्यांना मी गॉब्लिनांचा, म्हणजे बुटक्या राक्षसांचा, सरदार केलं आणि ‘यांना खिंडीतून जायचंय’ एवढंच कानात सांगितलं. तलवार निघालीच नाही. पाऊण तास घासाघीस झाली, आणि शेवटी आमच्या पोरांनी खजिन्यातला निम्मा वाटा देऊन वर एक घोडाही दिला. जावई अजून फोन केला की आधी घोड्याची खुशाली विचारतात.