साडेचार लाखांची जुनी मर्सिडीज शेवटी कितीला पडते?

प्रश्न : सर, आमच्या सांगलीत एका डॉक्टरांच्या वाड्यात १९८२ची मर्सिडीज ३०० डी उभी आहे, डब्ल्यू १२३ मॉडेल, ६ वर्षं जागची हललेली नाही. साडेचार लाख सांगतायत, चारपर्यंत येतील. मेकॅनिक म्हणतो इंजिन मरत नाही, ५० हजारात चालू करून देतो. व्हिंटेजमध्ये पासिंग स्वस्तात होईल ना? आणि लग्नाला भाड्याने देऊन खर्च निघेल का? बायको म्हणते आधी विचारा, मग टोकन द्या.

उत्तर : वहिनींचं ऐका, टोकन थांबवा. २०२१च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांच्या वरची गाडी, म्हणजे तुमची २०३२ नंतर. तेव्हाही ती प्रदर्शन, रॅली आणि पंप-गॅरेजपुरतीच रस्त्यावर आणता येते, धंदा नाहीच. आत्ताच्या पांढऱ्या नंबरप्लेटवरही भाडं मारता येत नाही, तेव्हा लग्नाचं गणित पुसून टाका (भाच्याच्या लग्नात फुकट फिरवा, हौस तरी फिटेल).

आता कागद. मर्सिडीजने पुण्यात गाड्या जोडायला घेतल्या १९९५ला, त्याही डब्ल्यू १२४. १२३ इथे बनलीच नाही, म्हणजे तुमची आरटीओच्या लेखी इम्पोर्टेड, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या इम्पोर्टेड चारचाकीची रिन्यूअल फी आहे ८० हजार, साध्या कारला १० हजार. हे दर ५ वर्षांनी. गाडी ६ वर्षं उभी, म्हणजे आरसीची मुदत बहुतेक संपलेलीच असणार, ती आधी बघा आणि चेसिस नंबर स्वतः वाकून जुळवा, फोटोवर जाऊ नका.

इंजिनाबद्दल मेकॅनिक खोटं बोलत नाहीये. ५ सिलिंडर, ३ लिटर, दणकट डिझेल. चालू झालं की वरचं ऑइलचं टोपण सोडवून तिथेच उलटं ठेवा, जागेवर थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर समजा इंजिन आतून झिजलंय. पण ५० हजारात ती चालू होईल, चालवण्यालायक होईल असं नाही, कारण ६ वर्षांत ब्रेक जाम, रबरी पाइप कडक, टायर गेलेले, टाकीत गाळ, हे सगळं वेगळं बिल.

आणि बंद होईल का तेही विचारा! माझी १२३ घरी आणली त्या रात्री किल्ली काढून हातात घेतली तरी गाडी आपली घरघरतेच आहे, शेजारचे काका गॅलरीत येऊन उभे, आणि मी बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात तो 'स्टॉप' लिहिलेला खटका शोधतोय. या गाडीत इंजिन बंद होतं व्हॅक्यूमवर (हवा ओढून घेण्याच्या जोरावर) आणि दारांचं सेंट्रल लॉकिंगही त्याच व्हॅक्यूमवर, माझ्या मागच्या दारातला एक रबरी पडदा फाटला होता आणि त्यापायी इंजिन ऐकेना. पार्ट किरकोळ, पण चारही दारं उघडण्यात मेकॅनिकचे दोन दिवस गेले, मजुरी त्याची.

तरी हे सगळं परवडतं हो, मारतो तो गंज. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, त्यामुळे खालचा पत्रा सडला की रंगरंगोटीने भागत नाही, कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीचा खड्डा, हे तीन आधी बघा. खिशात लोहचुंबक ठेवा, रुमालात गुंडाळून फिरवा, जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुटी) भरलीय. माझं इंजिनावर गेलं त्याच्या चौपट डेंटिंग-पेंटिंगवर गेलं, आणि तेही दीड वर्ष गाडी डेंटरकडे ठेवून.

खड्डा कोरडा निघाला तर त्यांना सांगा, आरसी तुम्ही रिन्यू करून द्या, साडेचारला साडेचार देतो. बोट आरपार गेलं तर लाखातही घेऊ नका.

प्रश्न : माझी १९९६ची ई २२०, पुण्यात जोडलेली. मलाही ८० हजार?

उत्तर : आरसीवर इम्पोर्टेड नोंद नसेल तर नाही, १० हजारवाल्या रांगेत उभे राहा.