पावसाळ्याआधी अंगणातल्या माडाच्या हिरव्या झावळ्या छाटाव्यात का?

नाही, हिरव्या झावळ्यांना हात लावू नका. पूर्ण वाळलेल्या, खाली लोंबणाऱ्या तेवढ्याच काढा. माडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात, त्यामुळे आंब्यासारखी छाटणी केली म्हणून नवी फांदी फुटत नाही. शिवाय प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून एक पोय, म्हणजे नारळ धरणारा फुलोरा, येते. निरोगी माडाला वर्षाला साधारण 12 झावळ्या येतात, म्हणजे हौसेने चार कापल्या की अन्न तयार करणारी चार पानं गेली. खालच्या पिवळ्या पडलेल्या झावळ्यांचीही घाई नको. पालाश (पोटॅशियम) कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देतं. ती पिवळी पानंच कापली तर पिवळेपणा वर सरकतो. तिथे कोयता नव्हे, खत हवं.

खरी भीती सोंड्या भुंग्याची. ताज्या जखमेच्या वासावर तो येतो, खोडात अंडी घालतो, आणि बाहेरून कळेपर्यंत आतला गाभा पोखरलेला असतो. पाडेलीला (माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला) खोडावर पायासाठी खाचाही पाडू देऊ नका, त्या जखमा कधीच भरून येत नाहीत.

अपवाद एकच: हिरवी झावळी कौलांवर घासत असेल तर कापा, पण खोडापासून सुमारे 4 फूट देठ ठेवून. विजेच्या तारेला टेकत असेल तर आधी वीज बंद करून घ्या. वाळके नारळ मात्र पावसाआधी जरूर उतरवा. वाऱ्यात ते डोक्यात पडतात.