खजिन्यातून वर्गापर्यंत : युगांडातील शिक्षणखर्चाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. सरकारी खर्चापैकी किमान 15 ते 20 टक्के रक्कम शिक्षणाला मिळावी, असे शिक्षणविषयक जागतिक उद्दिष्टे मांडणाऱ्या 2015 च्या इंचॉन जाहीरनाम्यात म्हटल्याचे वाचनात आले. आफ्रिकेतील गरीब देशांनी एवढी तरतूद केली, तर तिथल्या शाळा सुधारतील का? एखाद्या देशाच्या उदाहरणाने सांगावे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : तरतूद वाढली म्हणजे शाळा सुधारते, हे गृहीतक युगांडामध्ये एकदा हिशेबाच्या वह्या उघडून तपासले गेले आहे. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी सत्तेवर आल्यानंतर, यादवीतून सावरणाऱ्या या देशात प्राथमिक शिक्षणावरील सरकारी खर्च कागदोपत्री वाढत होता. मात्र शाळांची अवस्था त्या प्रमाणात पालटलेली दिसत नव्हती. तेव्हा रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या अर्थतज्ज्ञांनी 250 सरकारी प्राथमिक शाळांची पाहणी केली. पद्धत साधी होती. केंद्र सरकारने 1991 ते 1995 या वर्षांत प्रतिविद्यार्थी अनुदान म्हणून किती रक्कम सोडली ते एका बाजूला मांडायचे, प्रत्येक शाळेच्या दप्तरात किती जमा झाली ते दुसऱ्या बाजूला मांडायचे आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे. सरासरी निघाली ती 13 टक्के. शंभर शिलिंग (युगांडाचे चलन) निघाले, तर शाळेत तेरा पोहोचले. आणि ही झाली सरासरी; बहुसंख्य शाळांना तर काहीच मिळालेले नव्हते.

आपल्याकडे अशा वेळी झारीतील शुक्राचार्य शोधले जातात. युगांडात ते जिल्हा पातळीवर सापडले, पण सगळाच पैसा कोणाच्या खिशात गेला असे समजणे घाईचे होईल. त्यातला बराच भाग जिल्हा प्रशासनाच्या इतर गरजांकडे आणि स्थानिक राजकारणाच्या सोयीसाठी वळवला गेला असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. मला यात अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. शिक्षकांच्या पगाराला अशी मोठी गळती लागली नव्हती; गळती होती ती वेतनेतर अनुदानात, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठीच्या, आपण ज्याला सादिल म्हणता त्या स्वरूपाच्या पैशात. पगार किती यायचा हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते आणि तो बुडाला तर तो गप्प बसत नाही. अनुदान किती यायचे, किंबहुना असे काही अनुदान आहे, हे मात्र कित्येक मुख्याध्यापकांना आणि जवळजवळ सर्व पालकांना माहीतच नव्हते. शाळेचा बहुतेक खर्च पालकांच्या वर्गणीतून चालत असल्यामुळे सरकारी पैसा आला नाही याची कोणाला उणीवही भासत नव्हती. ज्या शाळांचे पालक त्यातल्या त्यात सधन होते, त्यांनाच जिल्हा कचेरीकडून अधिक रक्कम मिळाली, कारण विचारायला जाण्याची ऐपत आणि ओळख त्यांच्याकडे होती. गरिबांसाठी काढलेला पैसा वाटेत अशा रीतीने उलट्या दिशेने वळला.

हे निष्कर्ष पुढे आल्यावर सरकारने दर महिन्याला कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली, ते वर्तमानपत्रांतून, स्थानिक भाषांतील आवृत्त्यांतूनही, छापायला सुरुवात केली. पुढे शाळेच्या आणि जिल्हा कचेरीच्या दर्शनी भागावर मिळालेल्या रकमेचा फलक लावणे बंधनकारक झाले. नव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा मोजणी झाली, तेव्हा 80 टक्क्यांच्या आसपास रक्कम शाळेपर्यंत पोहोचू लागली होती. ही कथा जगभर सांगितली जाते आणि तिचे श्रेय बहुधा एकट्या वर्तमानपत्राला दिले जाते. काही अर्थतज्ज्ञांनी त्यावर घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो. त्याच काळात अनुदानाची रचना बदलली होती, विशिष्ट कामासाठी बांधलेले निधी सुरू झाले होते, मदत देणाऱ्या देशांची देखरेख वाढली होती आणि 1997 मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना आल्यामुळे शाळेचा पैसा हा राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला होता. छापील आकड्याचा परिणाम झाला, पण त्या आकड्याची दखल घेणारे वरच्या पातळीवर कोणी होते म्हणून झाला.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की 15 किंवा 20 टक्के हा आकडा अर्थमंत्र्यांच्या भाषणापुरता खरा असतो. त्यापुढे तो किती खरा राहतो, हे शाळेच्या दारात उभे राहूनच मोजावे लागते.

प्रश्न : युगांडात प्राथमिक शिक्षण 1997 पासून मोफत आहे, असे सांगतात. मग तिथल्या पालकांना सरकारी शाळेसाठी पैसे का मोजावे लागतात? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : 1996 च्या निवडणूक प्रचारात मुसेवेनी यांनी प्रत्येक कुटुंबातील चार मुलांना मोफत प्राथमिक शिक्षण देण्याचे वचन दिले आणि 1997 मध्ये ते अमलात आणले, पुढे चारची मर्यादाही गळून पडली. एका वर्षात पटसंख्या सुमारे 30 लाखांवरून 50 लाखांच्या पुढे गेली. वर्गखोल्या, बाके आणि शिक्षक त्या वेगाने वाढणे शक्यच नव्हते, त्यामुळे खालच्या इयत्तांत मुले अक्षरशः जमिनीवर आणि झाडाखाली बसू लागली. तरीही त्या घोषणेला केवळ निवडणुकीची खेळी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. गरीब घरातील मुली प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत आल्या, हे त्याच निर्णयाचे फळ आहे.

आता पैशाचे पाहू. फी रद्द करून तिच्या जागी सरकारने प्रतिविद्यार्थी अनुदान द्यायचे ठरले. बरीच वर्षे ते एका मुलामागे वर्षाला 10,000 शिलिंग होते. अलीकडे ते टप्प्याटप्प्याने 20,000 शिलिंगपर्यंत नेण्यात आले. वीस हजार हा आकडा ऐकायला भरभक्कम वाटतो, पण आपल्या रुपयांत तो वर्षाला साधारण साडेचारशेच्या घरात जातो. सहाशे पटाची शाळा धरली, तर वर्षाला 1 कोटी 20 लाख शिलिंग येतील. तिथे वर्षाची तीन सत्रे असतात, म्हणजे सत्राला 40 लाख शिलिंग, सुमारे नव्वद हजार रुपये. पगार सरकार वेगळा देते, हे खरे. परंतु खडू, हजेरीपट, पुस्तके, चाचणी परीक्षांची छपाई, गळके छप्पर, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, खेळाचे सामान आणि मुख्याध्यापकांचा तालुक्याच्या गावी जाण्यायेण्याचा खर्च हे सगळे त्यात बसवायचे असते. त्यात हप्ता सत्र सुरू होऊन काही आठवडे उलटल्यावर आला, तर दरम्यान दुकानदाराची उधारी मुख्याध्यापकाच्या नावावर चढते.

सर्वांत मोठी उणीव दुपारच्या जेवणाची आहे. भारतात मध्यान्ह भोजन ही सरकारची जबाबदारी मानली जाते. युगांडाच्या 2008 च्या शिक्षण कायद्याने मुलाला खाऊ घालण्याची जबाबदारी पालकांवर टाकली आहे. शाळा मग प्रत्येक घराकडून मका, घेवडा किंवा त्याबदली रोख रक्कम मागते. ज्यांना ती परवडत नाही, त्यांची मुले पेज शिजत असताना बाजूला उभी राहतात किंवा दुपारी घरी जातात आणि पुष्कळदा परत येत नाहीत. गणवेश, वह्या, परीक्षेची वर्गणी, इमारतीची वर्गणी या बाबी वेगळ्याच. सरकारी शाळांनी पैसे घेऊ नयेत असे फर्मान वेळोवेळी निघते. पण ते काढणाऱ्यांनी त्या पैशाच्या जागी दुसरा पैसा ठेवलेला नसतो, आणि म्हणून त्या फर्मानाने कोणत्याही मुख्याध्यापकाची अडचण सुटत नाही. पहिलीत दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुले सातवीपर्यंत टिकतात, यामागे ही घरच्या खर्चाची बाजू मोठी आहे.

प्रश्न : अर्थसंकल्पातील शिक्षणाचा वाटा तिथे वाढतो आहे की घटतो आहे? आणि शिक्षकांचे पगार वाढवल्याने शिकवण्यात फरक पडला का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : वाटा घटला आहे. कर्जमाफीच्या जागतिक योजनेचा लाभ 1998 मध्ये सर्वांत आधी मिळालेला देश युगांडा होता, आणि वाचलेला पैसा दारिद्र्यनिवारणासाठी राखून ठेवल्यामुळे नव्या शतकाच्या आरंभी शिक्षणाला सरकारी खर्चाचा जवळपास चौथा हिस्सा मिळत असे. पुढे रस्ते, वीज, संरक्षण आणि नव्या कर्जांवरचे व्याज यांनी जागा व्यापली, आणि आज तो वाटा साधारण दहाव्या हिश्श्यावर आला आहे. रकमेचा आकडा वाढला असला, तरी मुले त्याहून वाढली. 1990 च्या सुमारास तिशीच्या घरात असलेले जिल्हे आता सव्वाशेच्या पुढे गेले असून, प्रत्येक नव्या जिल्ह्याबरोबर नवी कचेरी, नवे शिक्षणाधिकारी आणि नवी वाहने येतात. शिक्षणाच्या नावाने खर्च झालेल्या पैशात याचीही भर पडते, हे टक्केवारीत दिसत नाही.

पगाराविषयी मात्र सावधपणे बोलावे लागेल. 2013 च्या सुमारास झालेल्या पाहणीत, अचानक भेट दिली असता सुमारे चौथा हिस्सा शिक्षक शाळेतच नव्हते आणि निम्म्याहून अधिक वर्गात नव्हते. म्हणजे पगाराचा पैसा पोहोचत होता, पण त्यातून मिळायचे अध्यापन पोहोचत नव्हते. ही गळती वर्तमानपत्रात आकडा छापून थांबत नाही. तिची कारणेही एकसारखी नाहीत: शाळेजवळ राहायला घर नसणे, तुटपुंज्या पगारामुळे शेती किंवा दुकान सांभाळावे लागणे आणि तपासणीच होत नसल्याची खात्री असणे. 2022 मध्ये सरकारने माध्यमिक शाळांतील विज्ञानाच्या पदवीधर शिक्षकांचा पगार महिना 40 लाख शिलिंगपर्यंत नेला, तेव्हा कला शाखेचे पदवीधर शिक्षक सुमारे 10 लाखांवर आणि प्राथमिक शिक्षक त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. परिणामी कला शाखेच्या शिक्षकांनी संप पुकारला. दोन वर्षे कोरोनामुळे बंद राहिलेल्या शाळा त्याच वर्षी जानेवारीत उघडल्या होत्या. मुलांना वाचायला शिकवण्याचे मूळ काम पहिली ते तिसरीचे शिक्षक करतात, आणि वाढीच्या यादीत नेमके तेच सर्वांत मागे राहिले.