रोजचा फोटो आणि २०० पानी वही

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. रोज एक फोटो काढायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. कॅमेरा कुठला घेऊ म्हणून विचारलंयस. काही घेऊ नकोस, हातातला फोन पुरे. घ्यायचीच तर एक २०० पानी वही घे. ती कशाला ते पुढे सांगते.

आधी विषय आवर. "दिसेल ते टिपायचं" म्हणून सुरू केलं की तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, कारण रोज नवीन काहीतरी हुडकायचं ओझं होतं. आठवड्याची वाटणी आधीच करून टाक. एक दिवस ठरलेल्या जागेचा, दोन दिवस हातांच्या कामाचे, उरलेले घरचे आणि गल्लीचे.

ठरलेली जागा म्हणून आपल्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातला एखादा बांध धर, मागे राजहंसगड दिसेल असा. मेअखेर तिथे धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीतली) असते, आषाढात चिखल आणि रोप लावण, दिवाळीनंतर सुगी, आणि भात निघालं की त्याच रानात मसूर नाहीतर वाटाणा. दर रविवारी तिथूनच काढलास तर वर्षाला ५२ फोटो होतात. ते ओळीने लावल्यावर जमीन कूस बदलताना दिसते. एकेका सुट्या फोटोत हे कधीच दिसायचं नाही. पण त्यासाठी चौकट तीच हवी, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. नुसतं "त्याच जागी उभी राहिले" म्हणून भागत नाही. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू जुळवून घे. विजेच्या खांबाची डावी कड गडाच्या एका ठरावीक टोकावर आली पाहिजे. अर्धं पाऊल सरकलीस तरी ती जुळणी मोडते, म्हणजे जागा चुकली हे लगेच कळतं. फोन छातीच्या उंचीवर, आडवा, लेन्स १x वरच. बोटांनी झूम करू नकोस, त्यात चौकट दर वेळी बदलते आणि फोटोही फुटतो. सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेघा चालू कर, क्षितिज खालच्या रेघेवर ठेव. पहिला फोटो 'फेव्हरिट'मध्ये असू दे. दर रविवारी तो बघून मगच नवीन काढ.

वेळही एकच धर, सकाळचीच. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, डिसेंबरअखेर सातच्या आसपास. म्हणून घड्याळाचा काटा न धरता "उगवल्यावर एक तास" असं धर. दुपारी माणसांचे फोटो टाळलेले बरे. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागे आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे पडतात. तसंच पावसाळ्यात ढगाळ आभाळ चौकटीत जास्त आलं की फोन त्याचाच उजेड मोजतो आणि माणूस काळा पडतो. आभाळ कापून टाक, चेहऱ्यावर बोट टेकवून धर म्हणजे उजेड तिथे बांधला जातो. आणि प्रत्येक वेळी आधी लेन्स पूस. सुती कापड चालतं, पदर चालतो. बोटाचं तेल लेन्सवर राहिलं की दिव्याभोवती धुरकट पट्टे येतात, आणि लोक फोनला नावं ठेवतात.

आता हातांची कामं. वडगावात विणकरांच्या मागावर फोटो काढशील तेव्हा ट्यूबलाइटच्या उजेडात आडवे काळे पट्टे येतील. फोन बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर फार वेगाने उघडझाप झालं की फोटोच्या काही भागात मंद क्षण पकडला जातो. प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्यात शटर आपण ठरवायची सोय असते तिथे) शटर १/१०० नाहीतर १/५० सेकंद ठेव, पट्टे जातील. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) तेव्हा पुसट दिसेल. दिसू दे, तो पळतोय हे त्यातूनच कळतं. फणी (उभे धागे ओवलेली) आणि विणकराचा हात मात्र रेखीव हवा, फोकस तिथे दे.

मांडे करणाऱ्या बाईंचं उलटं आहे. उंडा लाटून झाल्यावर ती पोळी दोन्ही हातांवर झुलवत वाढवतात आणि पालथ्या कढईवर टाकतात. तेवढेच दोन-चार सेकंद तुझे. इथे शटर १/२५० तरी लागतं, आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरात तेवढं वेगवान शटर ठेवलं की फोटोत दाणे येतात. दिवा बंद करायला सांग, दार उघड, आणि बाई तुझ्या आणि दाराच्या मधे येतील अशी उभी राहा. पलीकडचा उजेड पोळीतून गाळून येतो, पातळ झालेली जागा उजळते, जाड कड सावळी राहते, बोटांचे ठसेसुद्धा दिसतात. चेहरा अंधारात गेला तरी चालेल. बटण दाबून धरून सलग पाच-सात फोटो घे, एक ठेव.

आधी विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढायचा नाही. मराठीत विचार, नाहीतर कन्नडमध्ये, पण विचार. काढलेला फोटो दाखव आणि महिन्याभरात त्याची प्रिंट नेऊन दे. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. कॅम्पमधल्या लष्करी आवारात आणि सांबऱ्याच्या हवाई दलाच्या तळाजवळ फोन खिशातच ठेव.

आता वही. रोज रात्री चार ओळी: तारीख, जागा, कोण, काय चाललंय. काय चाललंय ते लिहिताना करणाऱ्याच्या तोंडचा शब्द लिही. "कापड विणणे" लिहिलंस तर काहीच उरत नाही. धोटा, फणी, कांडी (धोट्यातली सुताची गुंडाळी) लिहिलंस तर उरतं. आपल्या भागात एकाच वस्तूला मराठी घरात एक नाव, शेजारच्या कन्नड घरात दुसरं. दोन्ही लिही. खानापूरच्या कुंभाराकडे गेलीस तर भट्टीच्या प्रत्येक भागाला ते काय म्हणतात ते विचारूनच नीघ. फोटो ते नाव सांगत नाही, आणि दहा वर्षांनी सांगायला माणूस असेलच असं नाही.

दिवसाला पाचाहून जास्त फोटो ठेवू नकोस आणि त्यातला एक त्याच रात्री निवड. अमेरिकेतल्या जेमी लिव्हिंग्स्टननं ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ ला जाईपर्यंत रोज एक पोलरॉइड काढला. त्यात जेवणाची टेबलं आहेत, मित्र आहेत, खोल्या आहेत, आणि शेवटी स्वतःचं आजारपण. सुटा घेतला तर त्यातला कितीतरी फोटो साधाच वाटेल.

निवडलेल्या फोटोला '२०२६-०७-१४-वडगाव-धोटा' असं नाव दे. वर्ष आधी लिहिलं की फोटो आपोआप क्रमाने लागतात. एक फोटो साधारण ४ एमबीचा धरला तर वर्षाचे दीड जीबीच होतात, त्यामुळे जागेची सबब नाही. एक प्रत फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या घरी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत जपून ठेवायला धरू नकोस. तिथे पिक्सेल कमी होतात आणि फोटोत दडलेली तारीख-वेळही जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.

एखादा दिवस चुकेल. ती जागा वहीत कोरी सोड, दुसऱ्या दिवशी दोन काढून भरू नकोस. तापाने पडून असलीस तर उशाजवळचा तांब्या काढ, तोही त्या दिवसाचाच.

येत्या रविवारी बांधावर गेलीस की खांबापासून तुझ्या जागेपर्यंतची पावलं मोज, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. पावसात गवत वाढलं की पायाखालचा दगड सापडत नाही.

तुझी,
मावशी