केसपेपरवर नाव होतं

प्रिय पोरी,

काल तलावपाळीवर तू तासभर बोललीस, भेळ हातातच मऊ पडली. मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर रागावले असते. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहायला घेतलं.

ओपीडीत एक रशियन बाई आली, कडेवर तापाने फणफणलेलं पोर. तिला इंग्रजीत धड सांगता येईना. तुला रशियन येतं. युक्रेनमध्ये खार्किवला शिकताना घरमालकिणीशी, दुकानदारांशी तू त्याच भाषेत बोलायचीस. तरी तू ढिम्म उभी राहिलीस आणि तुझ्या सिनिअरने मोबाईलवर भाषांतर करून कसंबसं निभावलं. "बाई, मी चुकले का?" हो, चुकलीस. डॉक्टर म्हणून चुकलीस हे सांगायला तुला मी नको. मला टोचतंय ते वेगळंच. तासाभरात "ती रशियन" किती वेळा म्हणालीस! तिचं नाव एकदाही घेतलं नाहीस, आणि नाव तर केसपेपरवर होतं.

तुझा राग कुठून येतो ते मी पाहिलंय. 1 मार्च 2022 ला कर्नाटकचा तो विद्यार्थी खार्किवमध्ये किराणा आणायला गेला आणि रशियाच्या हल्ल्यात मारला गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाने ताबडतोब शहर सोडा म्हटलं आणि तुम्ही पोरं शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत पायी निघालात. तुझी आई तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात फोन घट्ट धरून बसली होती, चहाला हातसुद्धा लावला नाही. तुझ्या त्या घरमालकिणीने रशियन माणसाचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं, तर तिला उपदेश करायला मी जाणार नाही. तिचं घर गेलंय. तुला मात्र सांगणार. आधी नाव विचार.

त्याच आठवड्यात सेंट पीटर्सबर्गमध्ये येलेना ओसिपोवा नावाच्या म्हातारीला पोलिसांनी धरून नेलं. चित्रकलेची शिक्षिका होती, सत्तरी ओलांडलेली. स्वतः रंगवलेली युद्धविरोधी पोस्टरं घेऊन रस्त्यावर उभी राहिली होती. त्याच शहरातल्या साशा स्कोचिलेन्कोने सुपरमार्केटमधल्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून तिथे युक्रेनच्या मारियुपोल शहरातल्या बॉम्बहल्ल्याची माहिती लावली. 2023 मध्ये तिला 7 वर्षांची शिक्षा झाली, 2024 च्या कैदी-अदलाबदलीत ती सुटली. मॉस्कोतला नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव. प्रभागाच्या सभेत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला, तेव्हा तिकडे युक्रेनमध्ये मुलं मरताहेत आणि आपण स्पर्धा कसल्या भरवतो, असं तो बोलला. त्यालाही 7 वर्षं. आपल्याकडे असा नगरसेवक दाखव मला.

हे सगळे "ते रशियन"च आहेत गं.

तू म्हणशील, अशी माणसं मूठभर, आणि ही बाई त्यातली कशावरून? नसेलही. युद्धाच्या बाजूचीही असेल. नाव विचारल्यावर समोरून वाईट माणूस निघू शकतो, मग त्याचा राग त्याच्यावर काढ, दोनशे पिढ्यांवर नको. आणि आल्या आल्या तिच्याकडून निषेधाचं प्रमाणपत्रही मागू नकोस. 4 मार्च 2022 पासून तिथे लष्कराविषयी तथाकथित खोटी माहिती पसरवली म्हणून 15 वर्षांपर्यंत तुरुंगात टाकता येतं. तिची आई तिकडे असेल, भाऊ असेल. तू पगारी नोकरीत सुरक्षित उभी राहून तिला शूरपणा दाखव म्हणणार?

मी इतकी हट्टाला का पेटते ते आजवर कुणाला सांगितलं नाही. 1962 साली मी अकरा वर्षांची होते. आम्ही माझगावला राहायचो, वडील गोदीत. कोपऱ्यावर चिनी माणसाचं चपला-बुटांचं दुकान होतं. माझे शाळेचे काळे बूट टाच बदलायला दिले होते. खडूने तळव्यावर तो माझं नाव लिहायचा, दर वेळी मला विचारून, ओठ हलवत. ऑक्टोबरात युद्ध पेटलं आणि वडील म्हणाले, तिकडे पाऊल टाकायचं नाही. आठवड्याने तो स्वतःच बूट घेऊन आला. आईने कडी काढली नाही. त्याने दोनदा हाक मारली, माझ्या नावाने. मग पावलं जिन्यावरून उतरत गेली. बूट उंबऱ्यापाशी ठेवलेले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून. टाच नवी, वर पॉलिशही केलेलं. दीड रुपया द्यायचा होता.

ते बूट मी वर्षभर घातले.

त्या वर्षी राजस्थानात देवलीच्या छावणीत सुमारे 3,000 चिनी वंशाच्या माणसांना डांबलं. बरेचसे आसाम-बंगालकडचे, कित्येक भारतातच जन्मलेले, आणि काही जण 1967 पर्यंत तिथेच होते. आमच्या चांभाराला मात्र कुणी नेलं नाही. आमच्यासारखी गिऱ्हाइकं फिरकली नाहीत, एवढ्यानेच दुकान बंद झालं. सरकारची गरजच पडली नाही. वडिलांना दोष देऊ नकोस, गोदीत तेव्हा प्रत्येकावर नजर होती. मीही लहान होते, कडीपर्यंत माझा हात पोचत होता पण आईचा धाक होता. हे मी स्वतःला साठ वर्षं सांगतेय. पण दीड रुपया? तो शाळेतून येताना देता आला असता. त्याला माझं नाव ठाऊक होतं. मला त्याचं नाही. आम्ही सगळे त्याला "चिन्या" म्हणायचो.

म्हणून आमच्या सोसायटीत "त्या लोकांना" भाड्याने जागा नको असा अर्ज फिरला, तेव्हा मी सही केली नाही. सेक्रेटरीला म्हटलं, आधी माणसाचं नाव सांगा आणि त्याने काय केलं ते सांगा. चार घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू देत.

मंगळवारी ती बाई मुलाला दाखवायला पुन्हा येणार म्हणालीस. पेपर हातात घे, वरची ओळ वाच, नावाने हाक मार आणि पोराचा ताप उतरला का ते तिच्या भाषेत विचार. ती भाषा तुला खार्किवनेच शिकवली. संध्याकाळी फोन कर, नऊपर्यंत जागी असते.

तुझ्या बाई