पहिलीचा वर्ग हाती घेताना

प्रिय मुली,

महापालिकेच्या शाळेत रुजू होते आहेस आणि पहिलीचा वर्ग मिळालाय, हे वाचून बरं वाटलं. वर्ग सजवायला काय काय आणू म्हणून विचारलंस. अप्पा बळवंत चौकातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत जाऊन पगार हातात पडायच्या आधीच पैसे उडवू नकोस. भिंती मोकळ्या राहू देत. महिनाभरात मुलांची चित्रं लागतील, तीही त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लाव. छापील तक्ते आपण आपल्या उंचीवर लावतो आणि तपासणीला आलेल्या साहेबांखेरीज त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी दोन काळज्या असतात: आई न्यायला येईल ना, आणि शू लागली तर काय. दुसरी आपण फार हलकी घेतो. धडा राहू दे, आधी सगळ्यांना रांगेने स्वच्छतागृह दाखव. कडी कशी लागते, अडकली तर काय करायचं, नळ कुठला चालतो. त्याआधी तू स्वतः आत जाऊन बघ. पाणी नसेल तर मुख्याध्यापकांच्या मागे लागायचं पहिलं काम तेच. करंगळी वर केली की जायचं, असं सांगून टाक. 'आत्ताच तर जाऊन आलास' हे वाक्य तोंडातून काढू नकोस. सुरुवातीला निम्मा वर्ग करंगळी वर करेल, काही तर नुसते व्हरांड्यात फिरून यायला. ते ओसरतं.

तरीही एखादं मूल बसल्या जागी ओलं होणारच. कपाटात दोन-तीन चड्ड्या, एखादा फ्रॉक आणि जुनं फडकं ठेव. मावशींना दारातून हाक मारून वर्गभर बोभाटा करू नकोस. बाकीच्यांना पाऊस बघायला व्हरांड्यात काढ, तेवढ्यात पुसून होतं. जूनमध्ये फरशी तशीही ओलीच असते, कुणी विचारलं तर तेवढं कारण पुरतं.

हजेरी घाईने उरकू नकोस. पटावर वडिलांच्या नावासकट तीन शब्द असतात, पण घरी त्याला काय म्हणतात ते विचार आणि नावापुढे पेन्सिलीने लिहून ठेव. नुसतं 'हजर बाई' कशाला, रोज एक प्रश्न दे: येताना वाटेत काय दिसलं, कुठला प्राणी आवडतो. फक्त 'सकाळी काय खाल्लं' हे विचारू नकोस. ज्याने काहीच खाल्लेलं नसतं त्याला सगळ्यांसमोर खोटं बोलावं लागतं. उपाशी कोण ते खिचडीच्या वेळी आपोआप कळतं; त्याच्या ताटलीत न विचारता जास्त पडेल एवढं बघ.

बोलण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण पुण्यात हा प्रश्न टोकदार आहे. इथे न आणि ण वरून माणसाची किंमत ठरवणारे कमी नाहीत, शिक्षकांच्या खोलीतही भेटतील. तुझ्या वर्गात मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्यांची मुलं असतील, घरी कन्नड किंवा गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी असतील, हिंदीवालीही. 'बाई, पानी प्यायला जाऊ?' असं कुणी विचारलं आणि दोघं हसले, तर हसणाऱ्यांना रागावू नकोस, विचारणाऱ्याला सुधारू नकोस. 'जा, पाणी पिऊन लगेच ये,' एवढंच म्हण. ण त्याच्या कानावर पडत राहील, जिभेवर यायला वेळ लागू दे. एखादी मुलगी महिना महिना बोलणार नाही. 'मुकी आहे का' असं तिच्यादेखत कुणी म्हटलं तर तिथल्या तिथे थांबव. तिला खडू वाटायला दे. बंजारा घरातल्या मुलाला आईला काय म्हणतात विचार. 'याडी' हा शब्द फळ्यावर आईच्या शेजारी लिहिला की ते पोर कसं ताठ बसतं ते तुझं तुलाच दिसेल.

शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की 'अमुक जातीची मुलं उभी राहा' असं अजूनही काही जण म्हणतात. तू म्हणू नकोस. माहिती दाखल्यांच्या फायलीत असते, तिथून घे, नाहीतर पालकांना बाजूला घेऊन विचार.

मारण्याबद्दल तुला सांगायची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, हे मात्र लक्षात ठेव. 'ढ' म्हणणं, कोपऱ्यात उभं करणं, दुसऱ्याच्या वहीशी तुलना करणं यांना छडी लागत नाही, म्हणून ती आपल्याला शिक्षा वाटत नाहीत. आवाज मात्र चढणारच, पट मोठा असतो. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय; तुझ्याकडे जास्त असतील तर अर्जावर लिहून दे आणि पोच घे.

पालकसभा सकाळी अकराला ठेवलीस तर धुणीभांडी करणारी आई येणार नाही, आणि मग 'या लोकांना मुलांची पडलेलीच नाही' असं आपणच म्हणायला मोकळे. मुख्याध्यापकांना विचारून एखादी संध्याकाळ मागून घे. आणि शाळा सुटताना फाटकापाशी उभी राहा. तक्रार सांगायला नव्हे. आईला तिच्या मुलाने आज केलेलं एक बरं काम सांगायला. शाळेतून बोलावणं आलं की काहीतरी बिनसलंय असंच त्या धरून चालतात, त्यामुळे पहिल्यांदा तुझ्यावर विश्वास बसणार नाही. दोन-तीनदा सांगावं लागेल.

पालखीच्या सुट्टीत घरी ये, तोवर प्रश्नांची यादी झालेली असेल.

तुझी,
बाई